डाव्या हाताची खाच

टिकली परदेशातून आली की सगळ्यांनी वरच्या खोलीत जमायचं आणि तिची बॅग उघडेपर्यंत आत्याने "मला मेलीला काही नको हं" असं घोकत बसायचं, हा ह्या घरातला रिवाज. आजही आत्याचं म्हणून झालं होतं आणि डोळे बॅगेच्या चेनवर होते. दुपारची वेळ. खालचं दुकान जेवणासाठी बंद, पुढची बस यायला अवकाश. दादाच्या बाह्यांवर लाकडाचा भुसा तसाच. वहिनी म्हणाली, "अहो, हात तरी झटका." त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याचे हात गेली काही वर्षं न झटकताच हलायचे, आणि त्यावर घरात कुणी बोलत नसे.

"काय गं, दिसली का कुठे?" दादाने लेकीला विचारलं.

ती निघाली त्या दिवसापासून त्याने हा प्रश्न जपून ठेवला होता. स्टेशनवर तिला सोडताना म्हणाला होता, एवढी फिरणार आहेस तर बघ, कुणाच्या टेबलावर, कुणाच्या कपाटात आपली डबी दिसते का. तळहातावर मावेल अशी, सरकत्या झाकणाची लाकडी डबी. झाकण लावलं की टक वाजायचं. दुकानासमोर बस थांबायची, परदेशी लोक उतरायचे, काचेआड पटाशी चालवत बसलेल्या दादाला बघून आत यायचे आणि डबी घेऊन जायचे. रात्री जेवताना दादा सांगायचा, "आज एक बर्फाच्या गावाला गेली. आज एक बेटावर गेली." स्वतः हा माणूस बसच्या थांब्याच्या पलीकडे गेलेला नाही. पण डब्या पोचल्या होत्या ना! त्याला तेवढं पुरत होतं. खरं सांगायचं तर त्याच्याजवळ तेवढंच होतं.

"बाबा, डोळे मिटा," टिकली म्हणाली.

"आता ह्या वयात डोळे मिट म्हणतेस? उघडायचे राहिले तर?"

"काहीतरी अभद्र बोलू नका," वहिनी म्हणाली.

टिकलीने त्याच्या हातावर काहीतरी ठेवलं. दादाने डोळे उघडायच्या आधीच अंगठा फिरवला. डावा अंगठा. तो खाचेत बरोब्बर बसला.

"दिसली!" दादा ओरडलाच. "अगं, आपली डबी! वहिनी, बघितलंस? आपली डबी सापडली हिला तिकडे!" बायकोला तो सगळ्यांसारखं वहिनीच म्हणायचा. आयुष्यभराची थट्टा होती ती. आत्या टाळ्या वाजवायला लागली. दारात उभा राहिलेला नाना, दादाचा धाकटा भाऊ, मात्र हसला नाही. त्याने बायकोकडे बघितलं. काकूने कपबश्या उचलल्या, तशाच परत ठेवल्या.

"आपली नाही हो," टिकली म्हणाली. "हीच तर गंमत आहे. ऐका ना."

मग तिने ऐकवलं. आबांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, घरातल्या प्रत्येकाला एक शिस्त लावून ठेवली होती. परगावी गेलात, परमुलखात गेलात, तर जिथे मालक स्वतः बसतो त्याच दुकानाची पायरी चढायची. वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं, हे कोणी केलं? समोरच्याला सांगता आलं तर घ्यायची, आणि मग घासाघीस करायची नाही. आपण आपल्या दुकानात ज्या गिऱ्हाइकाची वाट बघतो, दुसऱ्याच्या दुकानात तसं गिऱ्हाईक व्हायचं. टिकलीने तिकडची झगमगीत मोठी दुकानं मागे टाकली, हॉटेलवाल्याने दिलेली कुपनं टाकून दिली, पाय दुखेपर्यंत फिरली. शेवटी एका चढाच्या गल्लीत तिला एक म्हातारी सापडली. काचेआड बसलेली. समोर तासायचा ओटा, पायाशी भुसा, हातात पटाशी.

"अगदी तुमच्यासारखी, बाबा. मी विचारलं, हे कोणी केलं? तिने छातीवर हात ठेवला. असा. मग मी विचारलं, खाच डावीकडे का? तर म्हणाली, माझे वडील डावखुरे होते."

"अगं बाई!" आत्या म्हणाली.

"मला तर रडूच फुटलं तिथे. मी तिला सांगितलं, अहो, माझे आजोबासुद्धा! आम्हीसुद्धा डब्याच करतो! पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आपल्यासारखंच एक घर, बाबा. डावखुरा म्हातारा आणि त्याची उलटी खाच."

"मग? काय म्हणाली ती?"

"काही नाही. गप्पच झाली. खाली मान घालून डबी बांधून दिली, वर बघितलंसुद्धा नाही. तिलाही भरून आलं असेल."

दादा डबी उलटसुलट करून बघत होता. आबा डावखुरे होते हे खरंच. झाकण ढकलायची खाच त्यांनी डाव्या अंगठ्याला बसेल अशी तिरकी पाडली, आणि त्यांचे दोन्ही मुलगे उजव्या हाताचे निघाले तरी खाच तशीच राहिली. गिऱ्हाइकाचा अंगठा घसरायचा. उलटी झाली वाटतं, असं कुणी म्हणालं की दादा अभिमानाने मान हलवायचा. चूक होती, पण घरची होती.

त्याने झाकण सरकवलं. आत बोट घातलं. बोट तळावरून फिरलं आणि थांबलं.

"ही माझी नाही," तो म्हणाला.

"तेच तर सांगतेय मी."

"तळ बघ, काचेसारखा आहे. माणूस आतून पटाशी फिरवतो तेव्हा बारीक धारा राहतात. त्या म्हातारीच्याही राहिल्या असत्या." त्याने डबी टिकलीच्या हातात दिली आणि उठला. "थांब, आपली घेऊन येतो खालून. शेजारी शेजारी ठेवून बघू."

"मी आणतो," नाना म्हणाला, जरा घाईनेच.

"भाऊजी, आता कशाला? चहा गार होईल," काकू म्हणाली.

"चहा काय पळून जातोय?" दादा म्हणाला आणि जिना उतरला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर कुणालाही वाटेल की हा माणूस डोळ्यांवर कातडं ओढून बसला होता. आबांनी दोन मुलांत दुकान वाटलं नाही, कामं वाटली. करणाऱ्याने विकायच्या बाजूला हात लावायचा नाही आणि विकणाऱ्याने पटाशीला. दोघं एकमेकांच्या कामात नाक खुपसायला लागले की घर फुटतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दादा काचेकडे तोंड आणि फळ्यांकडे पाठ करून बसायचा. झालेल्या डब्या संध्याकाळी टोपलीत ठेवायचा. सकाळी टोपली रिकामी. बापाच्या शब्दाखातर त्याने इतक्या वर्षांत त्या फळ्यांवरची एक डबी उचलून बघितली नव्हती. असा आज्ञाधारक मुलगा मिळायला भाग्य लागतं, आणि त्याला फसवायला काहीच लागत नाही.

खालून आवाज यायला लागला. टक. मग टक. मग टक, टक, टक.

 "गेलं सगळं," काकू नवऱ्याला म्हणाली. "तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं, भाऊजींना एकदा विश्वासात घ्या."

"काय गेलं?" आत्याने विचारलं. "अगं, बोल की! काय गेलं?"

सगळेच खाली धावले. दादा फळीसमोर उभा होता. एक डबी उघडायची, तळावर बोट फिरवायचं, झाकण लावायचं, पुढची घ्यायची. ओट्यावर उघडलेल्या डब्यांचा ढीग झाला होता.

"सगळ्या तिच्यासारख्या आहेत," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, गोंधळ होता. "नाना, सगळ्या काचेसारख्या आहेत रे. माझ्या कुठे आहेत?"

 टिकली म्हणाली, "काका, बाबा काय विचारतायत?"

"कारखान्यातून येतात," नाना म्हणाला. "खोक्यांनी येतात. आमची आई गेली तेव्हापासून."

एवढं बोलून तो थांबला असता तर कदाचित बरं झालं असतं. पण इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकदा वर आलं की थांबत नाही. कारखान्याचा माल घेऊन एक माणूस आला होता, म्हणाला, नमुना द्या, हुबेहूब करून देतो. नानाने दादाची एक जुनी डबी दिली, चांगल्या दिवसांतली.

"तो म्हणाला, खाच उलटी पडलीय, सरळ करून घेऊ का? मी म्हटलं, खबरदार! आमचे आबा डावखुरे होते, ती तशीच राहील. मी भांडलो रे दादा त्याच्याशी खाचेसाठी! मला काय माहीत तो तीच डबी जगभर विकेल. आणि डबीबरोबर आबांची गोष्टही देईल."

टिकलीने आपल्या हातातल्या डबीकडे बघितलं. तिला ती म्हातारी दिसली, छातीवर हात ठेवलेली, आणि मग खाली घातलेली तिची मान. 

"वा रे वा!" आत्याचा आवाज चिरकला. "कुंपणानेच शेत खाल्लं! खाच विकलीस ते एक वेळ समजू, नाना. पण आबांना कशाला विकलंस? कुठल्या कोण बाईचा बाप केलास तू त्यांना! आपले आबा आता दुकानादुकानांतून डावखुरे म्हणून फिरतायत!"

"आत्या, नका ना," टिकली म्हणाली, पण तीही नानाकडे बघत नव्हती. क्षणभर घराचे सरळ दोन भाग झाले. एकीकडे दादा, आत्या, टिकली, आणि दुसरीकडे नवराबायको, चोरासारखी.

काकू मात्र चोरासारखं उभं राहायला तयार नव्हती. "वन्सं, तुमचं सणासारखं येणं-जाणं. उचलली जीभ लावली टाळ्याला. कधी गल्ल्यापाशी उभ्या राहिलात? डबी परत घेऊन येणाऱ्याचं तोंड बघितलंत? झाकण अडकतं म्हणून. झाकण पडतं म्हणून. एका बाईने माझ्यादेखत खुळखुळ्यासारखी हलवून दाखवली आणि म्हणाली, ही काय थट्टा आहे का? आणि भाऊजी तिथे चार पावलांवर, पाठमोरे, गाणं गुणगुणतायत. काय करायचं होतं आम्ही? सांगायचं होतं तोंडावर, की भाऊजी, तुमचा हात गेला?"



"हात गेला?" दादा म्हणाला.

"थोडा थरथरतो," नाना घाईघाईने म्हणाला. "वयच आहे. त्याचं काय एवढं?"

"मग मला उठवायचं होतंस. म्हणायचं होतंस, दादा, पुरे. रोज काचेत का बसवलंस?"

 उत्तर काकूच्या तोंडून निसटलं, रडता रडता. "लोक तुम्हाला बघून आत येतात हो. तुम्ही उठलात की समोरच्या दुकानात जातात. त्यांनी पण म्हातारा बसवलाय आता. पगारी आहे."

दादा हसला. खरंच हसला. "म्हणजे मी बाहुला. आणि तोही बिनपगारी!"

कुणीही त्या विनोदाला हसलं नाही. आत्या आता नानाच्या अंगावर जाणार होती, तेवढ्यात दादाला टोपलीची आठवण झाली. ओट्याखाली ती होती. रिकामी.

"नानाचा गुडघा धरलाय," तो हळूहळू म्हणाला, जणू हिशोब जुळवत होता. "त्याला जिना दोनदा चढवत नाही. काकूची पाठ धरलीय. रोज रात्री खाली येऊन टोपली कोण रिकामी करतं?"

नाना आणि काकूने एकदमच नजर खाली घातली. एकटी वहिनी त्याच्याकडे बघत राहिली.

"मी," ती म्हणाली.

"तू?"

"तुम्ही झोपलात की मी वर नेऊन ठेवते. माळ्यावर. एकही टाकली नाही मी, देवाशप्पथ. प्रत्येक फडक्यात गुंडाळून ठेवलीय."

"आई!" टिकली म्हणाली.  नानाला बोल लावणं सोपं होतं, नाना धाकटा होता, त्याला बोल खायची सवय होती. वहिनीला काय म्हणणार? आत्या बाजूच्या स्टुलावर बसली आणि एवढ्या तेवढ्याला घर डोक्यावर घेणारी ती बाई त्या दिवशी परत काही बोलली नाही.

"रोज रात्री मी सांगायचो," दादा बायकोला म्हणाला. "आज एक बेटावर गेली. तू म्हणायचीस, हो का? कुठलं बेट? तू मला बेटाचं नाव विचारायचीस गं."

"तुम्ही जेवायचात त्या दिवशी नीट," वहिनी म्हणाली. "मी आणखी काय बघायचं होतं?"

दादा वर गेला. कुणाला मागे येऊ नका म्हणाला नाही, पण कुणी गेलं नाही. फक्त टिकली गेली, आणि माळ्याच्या शिडीपाशी थांबली. वर तिला बाबांची पाठ दिसत होती आणि त्यांच्यापलीकडे रांगाच रांगा, जुन्या चादरींच्या फडक्यांत बांधलेल्या लहान लहान पुरचुंड्या. तिला वाटलं, आता बाबा रडतील, मी वर जाईन, त्यांना म्हणेन की मला ह्याच आवडतात, ह्याच खऱ्या आहेत. तिने वाक्यं जुळवूनसुद्धा ठेवली.

दादाने एक पुरचुंडी सोडली. झाकण ढकललं. अडकलं. जोर लावला तर करकरलं. त्याने ती बाजूला ठेवून दुसरी घेतली. तिचं झाकण उघडताच निसटून पडलं. तिसरीची खाच खाचेसारखी नव्हतीच, पटाशी सटकली होती, लाकडाचा टवका गेला होता. त्याने चौथी घेतली, पाचवी घेतली. त्याला आठवत होतं, ही करताना हात छान चालला होता. त्या दिवशी तो खूश होता.

टिकली शिडी चढून वर आली. "बाबा, मला ह्याच..."

"खोटं बोलू नकोस," दादा म्हणाला. "लाकूड कळतं मला. एवढं तरी राहू दे." मग हातातली डबी फडक्यात परत बांधत म्हणाला, "नाना खरं बोलतोय गं. ह्या कुणी विकत घेऊ नयेत. आबांनी माझ्या डोक्यात हाणली असती एकेक."

तिला नानाचा राग करायचा होता, काकूचा करायचा होता, आईचा तर फारच. पण त्या माळ्यावर कुणावर रागवायला जागाच उरली नव्हती. कारखान्याच्या डबीचं झाकण टक वाजत होतं आणि बापाच्या डबीचं वाजत नव्हतं.

"त्या म्हातारीला माहीत असेल?" दादाने विचारलं. "की तीसुद्धा माझ्यासारखी?"

"काय की, बाबा."

"तू तिला सांगितलंस ना, आमचे आबाही डावखुरे. तेव्हा तिने वर बघितलं नाही म्हणालीस."

टिकलीने होकारार्थी मान हलवली.

"मग तिला माहीत आहे," दादा म्हणाला.

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. खाली नाना म्हणाला, "आज बंदच ठेवू," आणि काकू म्हणाली, "हो, ठेवा बंद." पण दोघांपैकी कुणी हललं नाही, कारण बंद ठेवायचं म्हणजे दारावरची पाटी उलटवायची आणि ती उलटवायला काचेपाशी, दादाच्या जागेपाशी जायला हवं होतं.

दादा जिना उतरून आला. नळाखाली हात धुतले, पुसले. "पाटी राहू दे," म्हणाला. मग काचेमागच्या आपल्या स्टुलावर बसला, अर्धवट डबी घेतली, पटाशी घेतली. वहिनी पुढे झाली. "अहो, नका बसू. आज नका." त्याने ऐकलं नाही. दार उघडलं आणि लोक आत आले.

फोटो निघाले. नाना गल्ल्यामागे उभा होता. लोकांच्या मागे एक मुलगी होती, टिकलीच्याच वयाची, पाठीवर पिशवी, पायांत धुळीने माखलेले बूट. खूप चालून आलेली दिसत होती. समोरच्या मोठ्या दुकानात ती गेली नव्हती. ती सावकाश फळीपाशी गेली, एक डबी निवडली, झाकण लावलं. टक. मग ती नानाकडे न जाता सरळ दादापाशी आली आणि तिने विचारलं. परक्या भाषेतलं ते एक वाक्य दादाला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. हे कोणी केलं?

जिन्यावर टिकलीने कठडा घट्ट धरला. बाबा, नका, असं ती मनात म्हणत होती, आणि नाही म्हणालात तर काय, हेही तिला कळत होतं.

दादाने पटाशी खाली ठेवली. उजवा हात उचलला. हात थरथरत होता, म्हणून त्याने तो छातीवर दाबून धरला.

मुलीचा चेहरा फुलला. तिने अंगठा खाचेवर ठेवला, तो घसरला, तिने हसून खुणेनं विचारलं, ही अशी का?

"आमचे आबा डावखुरे होते," दादा म्हणाला.

तिला भाषा कळली नाही, पण तिचे डोळे भरून आले. नाना डबी बांधायला पुढे झाला. दादाने त्याला हातानेच थांबवलं. आबांची वाटणी त्याने आयुष्यात पहिल्यांदा मोडली. डबी स्वतः कागदात गुंडाळली, दोरा बांधला आणि तिच्या हातात दिली. ती मुलगी काही काही बोलत होती, आभार मानत होती.

दादाने मान वर केली नाही.